मेर्कलेबाईंचं इंजिन

जर्मनीत भाड्याचं घर शोधणं काय दिव्य असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. चार महिने मी फाइल काखोटीला मारून हिंडत होतो. पगाराच्या स्लिपा, बँकेची पत्रं, आधीच्या मालकाचं पत्र, त्यात आपला हसरा फोटो. मुलगी बघायला गेल्यासारखं प्रत्येक घरी जायचं आणि "कळवतो" ऐकून परत यायचं. ब्योब्लिंगेनजवळच्या त्या खेड्यात मेर्कलेबाईंनी मात्र माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. दारात उभं करून त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"जिना झाडता येतो?"

"हो," मी म्हणालो. आयुष्यात कधी जिना झाडलेला नव्हता.

"इंजिनिअर म्हणे तुम्ही. कसले?"

इथे मात्र मी छाती फुगवली. "डिझेलचा. इंजिनात डिझेल केव्हा सोडायचं आणि किती सोडायचं, ते आमचा विभाग ठरवतो."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला नीट पाहून घेतलं. "आल्झो, ठरलं तर," त्या म्हणाल्या, "एक तारखेपासून या."

परत येताना मी माझ्या बायकोला, मृणालला, सांगितलं की शेवटी माणसाचं व्यक्तिमत्त्वच उपयोगी पडतं. ती म्हणाली, "थांब जरा. एवढं सोपं नसणार." बायकांना हे असं आधीच कळतं, आणि आपल्याला राग येतो.

मेर्कलेबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, रुंद, केस स्वतःच कापलेले. अंगावर बारा महिने निळा एप्रन. त्याच्या डाव्या खिशात कपड्यांचे चिमटे आणि उजव्या खिशात फिलर गेज, म्हणजे फटी मोजायची पोलादी पाती. केरवोखे म्हणजे जिना झाडायची पाळी. ती ज्याची असेल त्याच्या दाराला बाई एक लाकडी पाटी अडकवायच्या आणि रविवारी कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या. बोटाला धूळ लागली तर ओरडायच्या नाहीत, ते बोट फक्त माझ्यापुढे धरायच्या. मी मुकाट्यानं परत झाडू घ्यायचो.

पहिल्याच शनिवारी सकाळी आठला दार वाजलं. "हेर निकम, वेळ आहे." बाईंच्या वाक्यांना प्रश्नचिन्ह नसायचं.

घरामागे लाकडी शेड होती. आत एक ट्रॅक्टर उभा होता, माझ्या वडिलांच्या वयाचा, दोन सिलिंडरचा, लोखंडी सीटचा. शेड आमच्या दिवाणखान्यापेक्षा स्वच्छ होती, हे मृणालनं नंतर मला बऱ्याचदा ऐकवलं.

बाईंनी माझ्या हातात सतरा नंबरचा पाना दिला. "हा बोल्ट ढिला करा."

मी बाह्या सारल्या, पाय रोवले आणि होती नव्हती ती ताकद लावली. उलट्या दिशेनं. कट्कन आवाज झाला आणि बोल्टचं डोकं माझ्या पायाशी पडलं.

बाईंनी ते उचलून एप्रनला पुसलं. "किती वर्षं इंजिनवर काम करताय?"

"अकरा."

"आणि इंजिन कुठे असतं?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "काचेपलीकडे," मी म्हणालो. आमच्या गेर्लिंगेनच्या ऑफिसात खरोखरच तसं आहे. इंजिन पलीकडे बंद खोलीत धडधडतं आणि आम्ही अलीकडे लॅपटॉपवर आलेख बघत कॉफी पितो. अकरा वर्षांत माझ्या शर्टाला तेलाचा डाग म्हणून लागला नव्हता.

"इथे काच नाही," बाई म्हणाल्या आणि तुटलेला बोल्ट काढायला बसल्या. त्याला दोन तास लागले. त्या दोन तासांत मला सगळी हकीकत कळली.

त्या भागात दर उन्हाळ्यात जुन्या ट्रॅक्टरांच्या खेचायच्या स्पर्धा होतात. ट्रॅक्टरमागे एक गाडा जोडतात. गाडा पुढे जाईल तसं त्याच्यावरचं वजन सरकत पुढच्या बाजूला येतं, म्हणजे प्रत्येक मीटरला तो जास्त जड होत जातो. बहुतेक ट्रॅक्टर साठ-सत्तर मीटरवर मान टाकतात. जो शंभर मीटर पार करतो त्याचा 'फुल पुल'. मग लोक टोप्या उडवतात, बँड वाजतो आणि क्लबचा अध्यक्ष युर्गेन लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारतो. शंकरपटाच्या वेळी आपल्याकडे गावाला जसा ज्वर चढतो, अगदी तस्सा.

मेर्कल्यांच्या ट्रॅक्टरनं असे अकरा फुल पुल काढले होते. चालवायचे त्यांचे यजमान हेल्मुट. सगळा तालुका म्हणायचा, हेल्मुटच्या हातात जादू आहे, बत्तीस अश्वशक्तीच्या इंजिनातून तो पन्नासची ताकद काढतो.

"हेल्मुटला," बोल्टवरची नजर न हलवता बाई म्हणाल्या, "तेल कुठून ओततात ते माहीत नव्हतं. फार चांगला माणूस. गायचा सुंदर. सुकाणू सरळ धरायचा. बस."

इंजिन बाई बांधायच्या. एकतीस वर्षं. लग्नाआधी त्या पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपात कामाला होत्या. तिथे शिकल्या आणि मग घरच्या ट्रॅक्टरवर हात चालवला. पण चालवणारा हेल्मुट, म्हणून नाव हेल्मुटचं. बिचाऱ्यानं एकदा क्लबच्या सभेत उभं राहून सांगितलंही होतं, "अहो, हे सगळं माझी बायको करते." सभेला तो विनोद इतका आवडला की लोकांनी टेबलं बडवली. त्यानंतर त्यानं नाद सोडला. बाईंनीही दोन-तीनदा सांगून पाहिलं, तर युर्गेन त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, रोझमारी. तुझी साथ होती म्हणून तर जमलं त्याला."

हेल्मुटला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आता ट्रॅक्टरवर बाई स्वतः बसणार होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे दिसत होतं, म्हणजे हा एकच मोसम हातात होता.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" मी विचारलं. "कप?"

"कपांवर नुसती धूळ बसते. मला एकदा त्या लाउडस्पीकरवरून ऐकायचंय, हे इंजिन कोणी बांधलं ते."

म्हणून मला घर मिळालं होतं. पंपाचा स्क्रू फिरवायला त्यांच्या बोटांत आता पहिल्यासारखा जोर नव्हता, आणि दारात आयता एक डिझेलवाला चालून आला होता. माझं व्यक्तिमत्त्व वगैरे तिथेच निकालात निघालं.

जुन्या इंजिनाची ताकद वाढवायचे त्यांचे मार्ग साधे होते. टर्बो चालत नाही, सिलिंडर मोठा केलेला चालत नाही. मग उरतं काय? डिझेल थोडं जास्त द्यायचं, थोडं लवकर द्यायचं आणि हवेची वाट मोकळी करायची. लवकर देण्यासाठी पंपाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. एक काढली की डिझेल केसभर आधी सुटतं. हवेसाठी हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या लोखंडी झाकणातल्या, वाटा आतून घासून गुळगुळीत करायच्या. हे बिनआवाजाचं घासकाम रविवारी, कारण जर्मनीत रविवारी आवाज केला तर शेजारी बोलत नाहीत, थेट तक्रार करतात. त्यामुळे दर रविवारी जेवणानंतर बाई बाल्कनीत हेड मांडीवर घेऊन पॉलिशपेपरनं घासत बसायच्या, आणि येणारेजाणारे त्यांना हात करायचे.

इंजिन चालू असलं की लाकडी पळीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला. "दोन नंबर रुसलाय," असं म्हणून त्या बरोबर दोन नंबरच्या सिलिंडरचं नोझल, म्हणजे डिझेलची तोटी, काढायच्या. नोंदी स्वयंपाकाच्या वहीत. चेरीच्या जॅममध्ये साखर किती, त्याखालीच पंपाचा स्क्रू किती आटे.

आणि नॅपकिन! पंपाची जुळणी बदलली की इंजिन पूर्ण जोरात चालवायचं आणि धुराड्यावर चिमट्यानं पांढरा नॅपकिन धरायचा, मनात पाच आकडे मोजून. मग तो वाळत घालायच्या दोरीवर लावायचा, चिमट्याला चिठ्ठी. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोरीवर बारा-चौदा नॅपकिन, फिकट राखाडीपासून कोळशासारख्या काळ्यापर्यंत. पलीकडच्या घरातली बाई मृणालला हळूच म्हणाली, "रोझमारीचं वॉशिंग मशीन बिघडलंय का हो?"

मी हसलो. नंतर एक दिवस ऑफिसात चहा पिताना एकदम लक्षात आलं. आमच्या प्रयोगशाळेत धूर मोजायचं एक खोलीभर यंत्र आहे. ते काय करतं? इंजिनाचा धूर पांढऱ्या कागदातून ओढतं आणि कागद किती काळा झाला ते बघतं. मी तसाच उठलो, घरी आलो आणि बाईंना म्हणालो, "फ्राउ मेर्कले, आमची कंपनी हेच करते."

"जा," बाई म्हणाल्या. "धुवून परत वापरतात का?"

"नाही."

"उधळे."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. मृणाल म्हणायची, "घरातला बल्ब बदलायला तुला तीन आठवडे लागतात, आणि तिथे बरा पळतोस." खरं होतं ते.

एक अडचण होती. इंजिन किती खेचतं ते कळायला मागे काहीतरी जड हवं. शनिवारी सकाळी बाईंनी खिडकीतून आमच्या गाडीकडे पाहिलं. कंपनीनं दिलेली नवी कोरी स्टेशन वॅगन.

"हेर निकम, हिचं वजन किती?"

मी आकडा सांगितला आणि मगच मला कळलं की तो सांगायला नको होता. अर्ध्या तासात मी बाईंच्या शेतात माझ्याच गाडीत बसलो होतो, हँडब्रेक वर, दोन्ही पाय ब्रेकवर, आणि पुढून साखळी. ट्रॅक्टरनं हूं केलं आणि चारही चाकं जाम असलेली माझी गाडी शेतातून पाटासारखी सरकायला लागली. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा बांधावर थांबला, त्यानं अदबीनं "मोर्गेन" म्हटलं. मी काच खाली करून "मोर्गेन" म्हटलं. शेताच्या टोकाला बाई उतरल्या, चाकांनी काढलेल्या चाऱ्या पावलांनी मोजल्या आणि वहीत लिहिल्या. टायर कुठे झिजले ते ऑफिसला समजावताना मी जे काही बोललो ते इथे सांगत नाही.

इतकं सगळं करून माझं स्वतःचं योगदान काय? एक. मी त्यांना सांगितलं की हवा थंड असली तर ती दाट असते, सिलिंडरमध्ये जास्त मावते आणि ताकद थोडी वाढते. आमच्याकडे यावर जाड जाड अहवाल आहेत. बाईंनी ऐकून घेतलं, उठल्या, फ्रीझर उघडला आणि गोठवलेल्या मटारच्या दोन पिशव्या काढून हवेच्या पाइपाला चिमट्यांनी बांधल्या. इंजिन चालू केलं. पळी कानाला लावली. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. मला पदवीदान समारंभातसुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. ट्रॅक्टर आधी वजनकाट्यावर चढवतात, चालकासकट. आमच्या गटाची मर्यादा अडीच टन. बाईंनी महिनाभर वजन जुळवत आणलेलं. मागची लोखंडी वजनं, टाकीतलं डिझेल, स्वतःचा नाश्ता, सगळं धरलेलं. काटा मर्यादेच्या दीड किलो वर जाऊन थांबला.

मी एक गोष्ट मोजायची विसरलो होतो. मटार! माझी आयडिया, आणि वजन मीच धरलं नाही.

"मटार काढा," काट्यावरचा माणूस म्हणाला.

"मटार राहतील," बाई म्हणाल्या. त्या खाली वाकल्या, नाड्या सोडल्या आणि पायातले पोलादी टोकाचे वर्कशॉपचे जाड बूट काढून माझ्या हातात दिले. काटा खाली आला.

"बुटांशिवाय कसं चालवणार, फ्राउ मेर्कले?"

"बूट पाहिजेत असं नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा."

त्यानं नियमांचं पुस्तक काढलं, शोधलं, आणि मिटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई राखाडी लोकरी मोज्यांवर धावपट्टीकडे निघाल्या.

गाडा जोडला. हिरवा झेंडा पडला. मी ते आवाज कितीदा शेडमध्ये ऐकले होते, पण त्या दिवशी इंजिन गायलं, दुसरा शब्द नाही. पन्नास मीटर. सत्तर. पुढची चाकं वीतभर उचलली गेली. ऐंशीला धूर दाट झाला, पण काळा नाही, राखाडीच, आमच्या दोरीवरच्या नवव्या नॅपकिनच्या रंगाचा. मृणालनं माझ्या दंडात नखं रुतवली होती. नव्वदला ट्रॅक्टर जवळजवळ थांबला. बाई सीटवर पुढे झुकल्या, आणि एक-एक हात करत, रडत-रखडत, तो शंभराच्या रेघेवरून गेला.

फुल पुल! मी बूट हवेत उडवले. एक अजून सापडायचाय.

आणि मग लाउडस्पीकरवर युर्गेनचा भरलेला आवाज आला. "मंडळी! हेल्मुटचं इंजिन! हेल्मुट गेला, पण काय इंजिन ठेवून गेलाय! हेल्मुट, वरून बघतोयस ना?"

लोक उभे राहिले. काहींनी डोळे पुसले. म्हातारे येऊन बाईंचा हात हातात घेऊन "हेल्मुटला किती अभिमान वाटला असता" म्हणायला लागले. बाई ट्रॅक्टरवरून उतरल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. इतका संताप आला मला, वाटलं जाऊन तो माइक हिसकावून घ्यावा. पण बाईंनी माझ्याकडे फक्त हात पुढे केला. "पेन."

पेन घेऊन त्या स्पर्धेच्या कार्यालयाच्या तंबूत गेल्या आणि एक फॉर्म भरायला लागल्या. मी खांद्यावरून वाचलं. तो हरकतीचा फॉर्म होता. कोणाही स्पर्धकाला कोणाच्याही ट्रॅक्टरवर शंका आली तर त्यानं हरकत घ्यायची, मग समितीनं सगळ्यांसमोर इंजिन उघडून तपासायचं आणि निष्कर्ष लाउडस्पीकरवरून जाहीर करायचा, असा नियम होता. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: तक्रारदार, रोझमारी मेर्कले. कोणाविरुद्ध, रोझमारी मेर्कले. कारण, ताकद संशयास्पद.

युर्गेननं तो कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "रोझमारी, स्वतःविरुद्ध हरकत घेता येत नाही."

"कुठे लिहिलंय?"

आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी "अहो काकू, सोडा ना आता" म्हणून चहा मागवला असता आणि विषय मिटला असता. जर्मन माणूस तसं करत नाही. तिघांची समिती पुस्तक घेऊन बसली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत गेली. मनाई कुठेच नव्हती. मनाई नाही म्हणजे हरकत वैध. हरकत वैध म्हणजे इंजिन उघडायलाच हवं. युर्गेननं सुस्कारा टाकून सही केली.

बोनेट उघडलं. समितीला इंजिन उघडून हवं होतं, पण हत्यारं बाईंनी कोणाच्या हातात दिली नाहीत. हवेचा पाइप काढला, मटारच्या पिशव्या मृणालकडे दिल्या. (त्या संध्याकाळी तिनं त्याची उसळ केली, डिझेलचा किंचित वास होता, आम्ही सगळी संपवली.) युर्गेननं हेडच्या वाटेत बोट घातलं आणि थबकला. आत लोणी लावल्यासारखं गुळगुळीत होतं.

"हे कोणी घासलं?"

"मी. रविवारी."

"आणि पंप?"

बाईंनी पंप सोडवला, चकत्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या, कुठली कशासाठी ते सांगितलं आणि गर्दीतलं कोणीतरी "हेल्मुट तर म्हणायचा..." असं पुटपुटेपर्यंत न बघता पंप परत बसवूनही टाकला. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. नोझल किती दाबाला? व्हॉल्व्हची फट किती? ज्यांनी तीस वर्षं या इंजिनाची धूळ खाल्ली होती ते सगळे म्हातारे पुढे सरकले. एकानं तर खिशातून कागद काढला. बाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या, वही न उघडता, कोपरापर्यंत काळ्या हातांनी. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

युर्गेननं बोट रुमालाला पुसलं. मग हळूच म्हणाला, "रोझमारी, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही टेबलं बडवलीत."

युर्गेननं तपासणीच्या अहवालाचा कागद पुढे ओढला आणि लिहायला बसला.

पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली आणि आम्ही हायडेलबर्गला आलो. मग फोन, ख्रिसमसला जॅमच्या बाटल्या, इतकंच. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या मुलीचं चार ओळींचं पत्र आलं, ते वाचून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. घर सोडताना आम्ही त्यांचा निरोप घेतला होता, चहाही झाला होता, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. बाई म्हटलं की मला ते मैदान दिसतं, आणि हातात अहवाल घेऊन माइककडे चालत गेलेला युर्गेन.

लाउडस्पीकर खरखरला. "ट्रॅक्टर क्रमांक चौदा. इंजिन नियमात बसतं. फुल पुल कायम." युर्गेन थांबला, घसा खाकरला. "इंजिनाची बांधणी, गेली एकतीस वर्षं आणि आजचीही, रोझमारी मेर्कले यांची."

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेचनात. मृणाल रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. बाईंनी हात वर केला. सगळं मैदान गप्प झालं.

"युर्गेन," बाई म्हणाल्या, "परत वाच. मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

युर्गेननं टोपी काढली आणि पहिल्या शब्दापासून परत वाचलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.